दुरून केलेली क्षमा

'फादर, मी त्याला केव्हाच क्षमा केली. फक्त त्याचे तोंड पाहायचे नाही.' हे वाक्य धर्मगुरूंना नित्य ऐकावे लागते. बांधावरून बिनसलेले सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात, परंतु एकमेकांना शांती देण्याची वेळ येणार नाही अशी बाके निवडतात आणि दोघेही ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात! ही क्षमा नव्हे. हे सभ्य वेषातले वैर होय.

'संतांना जमते, आम्हा संसारी माणसांना कसे जमावे?' हा बचाव टिकणारा नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची भोसकून हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंग याला राखी बांधली. त्या व्रतस्थ होत्या म्हणाल, तर त्यांची आई एलिस्वा संसारी स्त्रीच होती ना? लेकीचे रक्त सांडणाऱ्या त्या हातांचे या माउलीने चुंबन घेतले.

अन्याय झाकावा, असा याचा अर्थ नव्हे. समंदरने सुमारे ११ वर्षे तुरुंगवास भोगला. तुमचा दावाही खुशाल चालू द्या. पण भाऊ आजारी पडला, तर त्याच्या उशाशी बसायला तो दावा आड येतो काय? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करा, असे प्रभूने सांगितले. बाक बदला, असे नव्हे.