मापाचा फनेल
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाळंतिणीला कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळू शकते. कामावर परतल्यावर मात्र दूध काढायच्या पंपाचाच आधार. तो लावताना दुखलं की घरातल्या आयाबाया म्हणतात, सोसायचं. मुळीच नाही! पंपासोबत बऱ्याचदा स्तनावर बसवायचा 24 मिलिमीटरचा फनेल येतो, पण माप प्रत्येकीचं वेगळं, कधी दोन्ही बाजूंचंही. स्तनाग्राच्या बुडाशी व्यास पट्टीने मोजा. फनेलची नळी त्याहून किंचितच मोठी हवी. स्तनाग्र नळीला घासलं तर ती लहान. भोवतालचा काळसर भागही बराच आत ओढला गेला तर मोठी. ओढ सोसवेल एवढीच ठेवा, दुखेपर्यंत वाढवून दूध जास्त येत नाही. अहिल्यानगरच्या औषध दुकानदारांनो, पंप विकता तसे वेगवेगळ्या मापांचे फनेलही ठेवा.