दुखण्याचा गोतावळा

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन, गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा दिवस. या दिवसाचे फलक चौकाचौकांत लागत नाहीत. शुभेच्छा द्याव्यात असं त्यात काही नाहीही. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात किती घरांत कॅन्सरचा रुग्ण अंथरुणाला खिळून आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं तरी कळेल. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असं सांगितल्यावर पुढे काय, या प्रश्नाशी ही घरं एकेकटी झुंजत असतात.

अशा घरात डोकावलं की एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘आई, दुखतंय का?’ ‘आहे आपलं.’ या दोन शब्दांत किती गोष्टी दडलेल्या असतात! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अंग इतकं गळालंय की कूस बदलायचीही ताकद नाही. तोंडाला चव नाही, पेजेचे दोन घोट घेतले तरी मळमळतं, चार दिवस पोट साफ नाही, आणि जीव घाबराघुबरा होतो तो वेगळाच. आई यातलं काहीच सांगत नाही, कारण विचारलेलं असतं फक्त दुखण्याबद्दल.

कॅन्सर बळावला की वेदना एकटी येत नाही, गोतावळा घेऊन येते. अमेरिकेतल्या मेरिलिन डॉड आणि त्यांच्या सहकारी परिचर्या-संशोधकांनी 2001 मध्ये वेदना, थकवा आणि अपुरी झोप ही तीन लक्षणं एकत्र तपासली आणि रुग्णाच्या रोजच्या हालचालींवर त्यांचा काय परिणाम होतो ते मांडलं. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झालं. कोणती लक्षणं नेमकी कोणत्या गटात मोडतात यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण वेदना, थकवा, झोप आणि खिन्नता यांची सांगड पुन्हा पुन्हा दिसते, आणि मळमळ, उलटी, अन्नावरची वासना उडणं यांचीही. शरीरातला दाह यातल्या अनेकांच्या मुळाशी असावा, असं मानलं जातं. शिवाय एक लक्षण दुसऱ्याला खतपाणी घालतं: दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून थकवा, आणि थकलेल्या माणसाला तीच कळ दुप्पट जाचते.

उपचारही या साखळीबाहेर नाहीत. तीव्र वेदनेवर मॉर्फिनसारखं औषध नाही. त्याच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायची असते. पण तिच्याने बद्धकोष्ठ होतो. पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी सोबत दिलं नाही, तर पोट तटतं, मळमळ वाढते, जेवण तुटतं आणि घरचे म्हणतात, ‘ती गोळी नको, तिनेच त्रास होतोय.’ मग गोळी बंद होते आणि कळ परतते. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच’ ही भीती आधीच घरात ठाण मांडून असते, तिला आणखी बळ मिळतं.

विरोधाभास असा, की ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं तिची कायदेशीर शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते; नीमच आणि गाझीपूरला त्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच टाळलं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ सोडवलं. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळवलेली संस्था ते ठेवू शकते. कायदा सैल झाला, मनातला धाक मात्र तसाच आहे.

वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ 1986 मध्ये उभं राहिलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे. पण बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर. ज्याला बसवत नाही अशा माणसाला रिक्षात घालून स्टेशनवर न्यायचं, जिने चढवायचे, गर्दीतून परळला उतरवायचं, हेच मुळी एक दुखणं. थकवा हे लक्षण, आणि त्यावरच्या उपचारासाठी हा प्रवास!

म्हणून आमची मागणी मोठ्या इमारतीची नाही. अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झालं; उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस या रुग्णांसाठी ओपीडी, मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आणि घरी जाऊ शकेल अशी एक प्रशिक्षित परिचारिका, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कॅनडातल्या एडमंटनला डॉ. एदुआर्दो ब्रुएरा यांनी 1991 मध्ये मांडलेली लक्षणांची प्रश्नावली एका कागदावर मावते: वेदना, थकवा, मळमळ, खिन्नता, चिंता, झापड, भूक, श्वास, एकूण बरं वाटणं, आणि प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. तीच मराठीत, सिंधीत, हिंदीत छापून घ्यावी आणि त्यात झोप व पोट साफ होणं या दोन ओळी वाढवाव्यात. रुग्णाला लिहिता येत नसेल तर परिचारिकेने विचारून भरावी, आणि आकडा सातच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावावा.