पाचट पेटते, तेव्हा जमिनीतून नेमके काय जाते?

उंब्रज : तोडणी टोळी फडातून बाहेर पडली की दोन-तीन दिवसांत पाचटाला काडी लागते. अर्ध्या तासात रान मोकळे होते, खोडव्याच्या मशागतीला वाट मिळते. उंब्रजजवळ तारळी कृष्णेला मिळते. तिथून कराड, वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत नदीकाठ उसाचा आहे आणि हंगामात हे दृश्य गावोगावी दिसते. धूर तासाभरात विरतो. जमिनीचे नुकसान मात्र मागे राहते.

जळते काय, उरते काय?

एक एकर ऊस तुटल्यावर साधारण 3 ते 4 टन पाचट मागे राहते. त्यात 16 ते 20 किलो नत्र असते, म्हणजे जवळपास एक पोते युरिया. पाचट पेटले की हे नत्र बहुतांश हवेत जाते. पालाश बराचसा राखेत उरतो, म्हणून 'राख म्हणजे खतच' हा समज अर्धा खरा आहे. पण पाचटातला कर्ब जवळजवळ सगळा उडून जातो, आणि खरा तोटा तोच आहे.

सेंद्रिय कर्ब एवढा महत्त्वाचा का?

जिवाणूंचे खाद्य, मातीच्या कणांना बांधणारा डिंक आणि पाणी धरणारा स्पंज, ही तिन्ही कामे सेंद्रिय कर्ब करतो. माती परीक्षणात तो 0.5 टक्क्यांखाली असेल तर कमी आणि 0.75 च्या वर असेल तर चांगला मानतात. कर्ब घटला की काळी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, टाकलेले खत पिकाला नीट लागत नाही. मग उतारा टिकवायला शेतकरी खताचा डोस वाढवतो आणि पाणीही.

या साखळीचे शेवटचे टोक नदीच्या खालच्या अंगाला दिसते. पाटाने भरपूर पाणी, भारी जमीन आणि निचरा नाही, अशा ठिकाणी भूजल वर येते. पाण्याची वाफ होते, क्षार वरच्या थरात साठतात. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत अशी क्षारपड जमीन आहे. ती सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकावे लागते. त्याचा खर्च एकट्या छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही.

मग शेतकरी जाळतो का?

अडाणीपणा हे त्याचे उत्तर नाही. पाचटाने सरी तुंबते, पाणी पुढे सरकत नाही, बुडखे छाटायला माणूस मिळत नाही. शिवाय 45 किलो युरियाचे पोते अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना मिळते. म्हणजे पाचटातल्या नत्राची राख झाली तरी खिशाला जाणवणारा तोटा एकरी पावणेतीनशे रुपयांचा. कर्बाचे अनुदानित पोते मात्र कुठल्याच कृषी सेवा केंद्रात मिळत नाही. खंडाने केलेल्या रानात तर पुढच्या दहा वर्षांचा विचार कोण करणार?

19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत 12 तपासण्या आहेत, त्यात सेंद्रिय कर्बही आहे. पण बागायती भागात निकष अडीच हेक्टरमागे एका नमुन्याचा. इथे अनेकांचे रान एकर-दोन एकरांचे. त्यामुळे पत्रिकेतला आकडा शेजाऱ्याच्या रानाचाही असू शकतो.

पर्याय काय?

कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि सोपी आहे. पाचटाची कुट्टी करायची किंवा ते सरीत दाबायचे. त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. युरिया यासाठी, की पाचट कुजवताना जिवाणूंना नत्र लागते. ते मिळाले नाही तर ते मातीतले ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पहिल्या पाण्याला थोडा त्रास होतो. पण नंतर ओल टिकते आणि तणही कमी उगवते.

अडचण ज्ञानाची नाही, वेळेवर यंत्र मिळण्याची आहे. कोणत्या गटातला ऊस कोणत्या तारखेला तुटणार, हे कारखान्याच्या गट कार्यालयाला आधीच माहीत असते. मग त्याच यादीप्रमाणे टोळीच्या मागोमाग कुट्टी यंत्र का पाठवू नये? शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीच्या निचऱ्यासाठी दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेतला. कारखाना शेताच्या बांधापर्यंत येऊ शकतो, हे त्यातून दिसले. जमीन बिघडल्यावर पाइप टाकण्यापेक्षा बिघडण्याआधी यंत्र पाठवणे केव्हाही स्वस्त.

उसाचे टनेज दरवर्षी काट्यावर मोजले जाते. रानातला कर्बही दर तीन वर्षांनी, प्रत्येकाच्या स्वतःच्या नमुन्यावर मोजायला हवा. कारण गाळपाला ऊस हवा असेल, तर तो पिकवणारी माती सांभाळण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही.