वारं गेलेल्या हातालाही काम हवे

आमच्या खेड्यात पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. शब्द बोलका आहे, पण त्यात एक घातक समजूत दडलेली आहे. वारं गेलं ते गेलं, आता हात कसला परत येतो! मग तो हात मांडीवर ठेवून माणूस उरलेले आयुष्य ओसरीवर काढतो. मित्रहो, या समजुतीविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

वस्तुतः बिघाड हातात नसतोच. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि विरुद्ध बाजूच्या हाताला हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. परंतु मेंदूचे इतर भाग सरावाने त्यांचे काही काम उचलू शकतात. सर्वांचाच हात पूर्ववत होतो असे नाही. मात्र न वापरलेला हात मेंदू विसरत जातो, हे खरे. म्हणूनच अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी चांगला हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत काढली. हात थोडाफार हलविता येणाऱ्या २२२ रुग्णांवरील प्रयोगात तिचा लाभ दिसल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले.

आता यंत्रेही आली आहेत. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता चुंबकाच्या साहाय्याने मेंदू चेतवून दाखविला. त्याने हात सुधारेल, अशी आशा निर्माण झाली. २०१८ साली अमेरिकेतील १९९ रुग्णांवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हाताचा सराव सर्वांकडून करून घेतला होता. चुंबकीय उत्तेजन मात्र काहींना खरे, तर काहींना केवळ देखाव्याचे दिले होते. खऱ्या गटात शेकडा ६७ जण लक्षणीय सुधारले, देखाव्याच्या गटात शेकडा ६५! काही लहान प्रयोगांत उत्तेजनाचा फायदा दिसला आहे; तेव्हा संशोधन चालू राहावेच. पण दोन्ही गटांना समान मिळालेली गोष्ट म्हणजे सराव, हे विसरून कसे चालेल?

या सरावाचेच शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. पेला उचलणे, बटण लावणे, भाकरी मोडणे अशा रोजच्या कामांतूनच तो हाताला शिकवितो. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय सुरू केले. तरीही माझ्या आजोबांना दवाखान्यातून घरी पाठविताना गोळ्यांची चिठ्ठी तेवढी मिळाली. हाताने काय करावे, हे कुणीच सांगितले नाही. घरात सून घास भरवते, मुलगा सदरा घालतो. यामागे माया आहे, पण ही माया हाताचे उरलेसुरले कामही काढून घेते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, महागड्या यंत्राची वाट पाहण्याआधी तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञ हवा, आणि त्याने घरच्यांनाही शिकवावे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते दुरुस्त करतो. तशी ही माहितीही घरोघर का पोहोचवू नये? दुष्काळात ‘हाताला काम द्या’ अशी मागणी करणारा हा महाराष्ट्र आहे. वारं गेलेल्या हाताची मागणी तरी याहून वेगळी कुठे आहे?