सापाचे घर

गेल्या नाताळच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी हातात फोन घेऊन आमच्याकडे आल्या. फोनवर त्यांच्या इंग्लंडात वाढणाऱ्या बारा वर्षांच्या नातवाचे छायाचित्र होते, व त्याच्या मनगटाला एका नारिंगी सापाने वेढा घातला होता. "फादर, घरात साप ठेवणे हे पाप आहे का, तेवढे सांगा," मावशी कळवळून म्हणाल्या.

पाप नव्हे, असे सांगून आम्ही हसलो. परंतु त्या मुलाने फोनवरून सापाचे घर दाखविले, तेव्हा आमचे हसू मावळले. खिडकीपाशी माशांची जुनी काचेची टाकी, तळाशी विजेवर तापणारा एक दगड, वर पुठ्ठ्याचे झाकण. आडोसा म्हणून काही नाही. तीन आठवडे साप अन्नाला शिवला नव्हता, व त्याच्या पोटाखालचे खवले करपले होते. मुलाची माया खरी होती; उणी होती ती समजूत. त्याला तत्काळ पशुवैद्याकडे जाण्यास सांगून आम्ही ह्या विषयाची माहिती मिळविली. ती वाचकांपुढे ठेवतो.

हा साप कॉर्न स्नेक जातीचा, बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातील. पूर्ण वाढल्यावर तो तीन ते पाच फूट लांब होतो व नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने आणलेला साप तो तिशीत येईपर्यंत घरात असू शकतो. पालकांनी हे आधीच ध्यानी घ्यावे.

सापाच्या अंगी स्वतःची ऊब नसते. आपल्या गडग्यावर सकाळी ऊन खात पडलेली धामण आपण पाहतोच. अंग तापले की ती दगडांच्या सावलीत शिरते. ही निवड हेच तिचे जीवन होय. ऊब मिळाली नाही तर सापाला गिळलेले अन्न पचत नाही. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस उबदार व दुसरे सुमारे २४ अंश थंड असावे, म्हणजे साप आपणहून जागा बदलील. दोन्ही टोकांना एकेक तापमापक ठेवावा, व उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट अवश्य जोडावा. तापणारा दगड मात्र सर्वथा टाळावा. खालून लागणारी आच सापाला वेळीच उमगतेच असे नाही, व तो तेथेच पडून भाजतो. खिडकीतील उन्हाने काचेची पेटी भट्टीसारखी तापते, म्हणून तीही जागा नको.

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असल्यास पूर्ण वाढलेल्या सापाला अंग पसरता येते. हवेला वाट असावी, पण झाकण वा दार कडीने पक्के बंद व्हावे. ज्या फटीतून डोके जाते, तिच्यातून सारे अंग जाते. दोन्ही टोकांना लपावयास एकेक अरुंद ढोली हवी. एकच ढोली ठेवली, तर भित्रा साप सुरक्षिततेसाठी ऊब सोडतो, नाहीतर उबेसाठी लपणे सोडतो. तळाशी अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा घालावा. सीडर व पाइन ह्यांच्या भुशातील उग्र तेले सापाला बाधतात. पाण्याचे जड भांडे व चढावयास एक मजबूत फांदी ठेवावी. डोळे दुधाळ दिसू लागले, म्हणजे कात टाकण्याची वेळ आली असे समजून ओलसर शेवाळ घातलेली डबी आत ठेवावी. अन्न म्हणजे गोठवून ठेवलेला व नंतर कोमट केलेला मेलेला उंदीर. जिवंत उंदीर सापालाच चावतो. जेवणानंतर दोन दिवस सापाला हात लावू नये, व एरवी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. दूध हे सापाचे अन्न नव्हे.

हे वाचून आपल्याकडील कोणी मुलाने धामण पकडून खोक्यात घालू नये. आपल्या देशातील धामण, नाग इत्यादी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते घरी पाळणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी जातींचीही २०२२ च्या दुरुस्तीनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. धामणीचे घर आपल्या शेताच्या बांधातच आहे. तेथे ती उंदीर खाऊन आपल्याच धान्याची राखण करते.

त्या मुलाने तो दगड काढून टाकला, वडिलांच्या मदतीने नवी पेटी उभी केली, आणि औषधोपचार चालू असताना काही आठवड्यांनी सापाने अन्न घेतले. ती वार्ता सांगावयास मावशी स्वतः आल्या. साप अद्याप त्यांना आवडत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, पण जाताना हळूच विचारले, "फादर, तिकडे थंडी फार. दिवा रात्री विझत तर नसेल ना?"