समुद्र मोजणाऱ्या हातांना तारखेला पगार मिळालाच पाहिजे

मनोरीच्या रहिवाशांनो, डोलकर बंधूंनो, मासळी विकणाऱ्या मावश्यांनो आणि मार्वेच्या तरीतून रोज कामाला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

हे पत्रक प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या पगाराबद्दल आणि नोकरीबद्दल आहे. आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून बाजूला ठेवू नका. दोन मिनिटं द्या.

2023 साली महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासळी पकडायची नाही, विकायची नाही. त्याच वर्षी सरंग्याला, म्हणजे पापलेटला, राज्यमासा जाहीर केलं, कारण तो दर्यात कमी होत चालला आहे. हे आकारमान कुणी खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. बंदरावर उतरलेल्या पाट्यांतली मासळी एकेक करून मोजपट्टीवर ठेवावी लागते, वजन घ्यावं लागतं, पोट उघडून गाबोळी पिकली आहे की नाही ते बघावं लागतं. एक दिवस नाही, हंगामामागून हंगाम. तुमच्या जाळ्यात काय राहील आणि काय परत सोडावं लागेल, हे त्या मोजणीवर ठरतं. आणि ही मोजणी करणारी बरीचशी तरुण मुलं-मुली सहा महिन्यांच्या, अकरा महिन्यांच्या करारावर असतात. त्यांचा पगार कधी येईल हे त्यांना माहीत नसतं. आम्ही त्यांच्यातलेच आहोत.

वेसाव्याला आणि अंधेरीच्या चार बंगल्याच्या परिसरात समुद्र आणि मासळी यांवर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या मोठ्या संस्था आहेत. परळला हाफकिन आहे, माटुंग्याला कापसावरची संस्था आहे, तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आहे. आम्ही कुठे काम करतो ते इथे लिहिलेलं नाही. गाऱ्हाणं एका इमारतीचं नाही. ज्या पद्धतीने देशभर सरकारी पैशातून संशोधन चालवलं जातं, त्या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे. आमची नावंही नाहीत, कारण करार वाढवणं न वाढवणं एका सहीवर अवलंबून असतं.

आता हिशेब. नेट किंवा गेट परीक्षा पास होऊन आलेल्या ज्युनिअर रिसर्च फेलोला 2014 पासून महिना 25,000 रुपये मिळत होते. 2019 ला 31,000 झाले. 2023 ला 37,000. मधल्या वर्षांत काहीच वाढ नाही. 2019 ची वाढसुद्धा देशभरचे संशोधक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले तेव्हा मिळाली. शेजारच्या टेबलावरच्या कायम कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आणि तो वाढलाच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण जानेवारी 2023 ला 42 टक्के असलेला हा भत्ता जुलै 2025 ला 58 टक्के झाला, आणि तेवढ्या अडीच वर्षांत फेलोचे 37,000 जागचे हलले नाहीत. त्याच प्रमाणात वाढले असते तर 41,000 च्या पुढे गेले असते. म्हणजे महिन्याला चार हजारांहून जास्त तूट. नवा वेतन आयोग येईल तेव्हाही आम्ही त्याच्या कक्षेत नसू.

परीक्षेचा शिक्का नसलेल्या प्रोजेक्ट असोसिएटला तर 30,000. काम तेच, होडी तीच, जबाबदारी तीच. मुंबईचा घरभाडे भत्ता मूळ रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 37,000 वर 11,100. एवढ्यात अंधेरीला एकट्याने खोली घेऊन बघा. म्हणून तिघं-चौघं एका खोलीत राहतात, किंवा आमच्यासारखे आईबापांच्या घरी राहून मार्वेची तर, बस आणि लोकल करत पोचतात. एमएस्सी झालेल्या, पीएचडीच्या उंबरठ्यावरच्या, तिशीला आलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

तरी रक्कम कमी असल्याचं दुःख आम्ही एक वेळ सहन करू. खरा जाच तारखेचा आहे.

प्रोजेक्टचा पैसा हप्त्याने येतो. मार्चअखेर हिशेब बंद होतो, उरलेली रक्कम परत जाते, खर्चाचं प्रमाणपत्र तयार होतं, ऑडिटरची सही होते, कागद दिल्लीला जातात, तिथे शंका निघते, कागद परत येतात. पुढचा हप्ता येईपर्यंत एप्रिल जातो, मे जातो, कधी पाऊस सुरू होतो. विचारायला गेलं की एकच उत्तर: ग्रांट आली नाही. मग आली की चार-पाच महिन्यांचे पैसे एकदम मिळतात आणि तोपर्यंतचं उसनं फेडण्यात जातात. कोळ्याच्या घरात हे आणखी कसं बसतं ते इथे कुणाला सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढलेली, वलांडीवर बोंबील नाहीत, दर्याचा पैसा थांबलेला. घरात एक पोरगी शिकून प्रयोगशाळेत लागली, निदान तिचा पगार या दोन महिन्यांत येईल म्हणून सगळे तिच्याकडे बघतात. आणि नेमका तेव्हाच तिचा पैसा अडकलेला असतो. या गावात अशी घरं आहेत. तुम्ही त्यांना ओळखता.

ही अडचण कुणाला दिसत नाही असं नाही. ज्या संस्थेत काम चालतं तिच्याकडे स्वतःचा निधी असतो. हप्ता उशिरा आला तर संस्थेने आधी पगार द्यावा आणि नंतर हप्त्यातून वळता करून घ्यावा, एवढी साधी तरतूद केली तर हा छळ एका वर्षात थांबेल.

कामाचं स्वरूपही समजून घ्या. खाडीच्या पाण्याचा अभ्यास करायचा तर भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र बघावं लागतं, उधाणाचं वेगळं आणि भांगाचं वेगळं. रात्रभर होडीत बसून ठरावीक अंतराने पाणी काढायचं. त्यातला प्राणवायू मोजायचा असेल तर औषध जागच्या जागी, हलत्या होडीतच बाटलीत सोडावं लागतं. उशीर झाला की नमुना फुकट. सकाळी परत येऊन तेच नमुने तपासायला बसायचं. होडीचं भाडं, बर्फ, जेवण, पुष्कळदा आधी खिशातून. बिलं मंजूर होतील तेव्हा होतील. सूक्ष्मजीवांचे नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवतात. त्यातला फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच सांगितलं आहे. वाफ ओढून घेणारं कपाट चालू आहे की बंद, हातमोजे संपले तर नवे कधी येणार, हे विचारणाऱ्याला कटकट्या ठरवलं जातं. आजारी पडलं तर? राज्य कामगार विम्याची मर्यादा 21,000 रुपये पगाराची; त्याच्या आम्ही बाहेर. कायम नोकरांच्या वैद्यकीय योजनेच्याही बाहेर.

29 डिसेंबर 2009 ला तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात मॉड्युलर लॅबोरेटरीत आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. प्रयोगशाळा ही धोक्याची जागा आहे, एवढं तरी त्या दिवसानंतर कुणी नाकारू नये.

आम्हाला नेहमी एक गोष्ट ऐकवली जाते. संशोधन म्हणजे ध्यास, इथे पगार मोजायचा नसतो, तुम्ही शिकायला आला आहात. आम्ही शिकतो, हे खरं आहे. पण रात्रपाळीच्या होडीत बसणारा, यंत्र दुरुस्त करणारा, नव्या मुलांना तयार करणारा, अहवालाचे तक्ते भरणारा माणूस काम करतो, आणि त्याने काम केलं नाही तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद पडते. ध्यास आहे म्हणूनच तर तो टिकला. त्याच्या ध्यासाचा फायदा घेऊन त्याला कमी पैशांत राबवणं अन्यायाचं आहे.

1933 मध्ये कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबईहून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मुलगी म्हणून आधी नाकारलं, मग एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर घेतलं. त्या पुढे केंब्रिजच्या पीएचडी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ती अट वाचून आज आपल्याला राग येतो. मग सहा-सहा महिन्यांच्या करारावर आठ-दहा वर्षं परीक्षेवरच ठेवलेल्या आजच्या मुलींबद्दल राग का येऊ नये? लग्न कधी, मूल कधी, हे त्या करार बघून ठरवतात. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मधेच करार संपला म्हणून प्रसूतीचे लाभ बुडत नाहीत. हा निकाल किती प्रयोगशाळांच्या फलकावर लागला आहे? प्रत्येकीने आपल्या कार्यालयात लेखी विचारावं.

न्यायालयांनी आणखीही बोलून ठेवलं आहे. 2006 च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन कंत्राटी माणसाला दारातूनच परत पाठवलं जातं: हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. पण ऑक्टोबर 2016 मध्ये जगजितसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला त्या पदाचं किमान वेतन तरी दिलंच पाहिजे. आणि डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई करणाऱ्या बायका आणि माळी यांना वर्षानुवर्षं तात्पुरतं राबवल्याबद्दल न्यायालयाने सरकारला खडसावलं आणि त्यांना कायम करायला लावलं. उमादेवी निकालाची ढाल करू नका, असंही सुनावलं. ज्या बायकांनी हा लढा दिला त्यांच्यापुढे आम्ही नम्र आहोत. शिकलेल्या माणसांनी त्यांच्याकडून धडा घ्यायला हवा होता. आम्ही उशीर केला.

आता मनोरीच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्या गावाच्या किनाऱ्यावर महापालिकेने समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे. पहिल्या टप्प्यात दिवसाला 20 कोटी लिटर, पुढे 40 कोटी. अशा कारखान्यात जेवढं गोडं पाणी निघतं, साधारण तेवढं किंवा त्याहून जास्त, दुप्पट खारटपणाच्या जवळ गेलेलं पाणी परत समुद्रात सोडावं लागतं. ते कुठे पसरेल, बोंबलाच्या आणि कोळंबीच्या पिलांचं काय होईल, याचं उत्तर मोजणीतून येणार. आज मोजायचं, प्रकल्प चालू झाल्यावर मोजायचं, आणि पुढे वीस वर्षं मोजत राहायचं. प्रकल्प हवा की नको यावर गावात दोन मतं असतील. मोजणी खरी हवी यावर दोन मतं असू शकत नाहीत.

मग विचार करा. पुढच्या महिन्यात करार संपणारा, तीन महिने पगार न मिळालेला माणूस खाडीवर उभा आहे. त्याच्या बाटलीत कुणालाच नको असलेला आकडा निघाला. तो आकडा घेऊन तो साहेबांपुढे ठामपणे उभा राहील, असा आपला आग्रह आहे ना? त्या आग्रहाची किंमत म्हणजे त्याची पक्की नोकरी. आमच्यातले बहुतेक जण तरीही खरं तेच लिहितात, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण गावाचं पोट ज्यावर आहे ती गोष्ट कुणाच्या एकट्याच्या धैर्यावर सोडायची नसते.

खालच्या पायरीवरच्या हाताचं मोल मुंबईने एकदा पाहिलं आहे. 1897 मध्ये प्लेग पेटला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, एक कारकून आणि मोजक्या शिपायांच्या मदतीने लस बनवली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी तीच लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना निलंबित केलं गेलं, आणि ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. बाटली उघडताना त्या गावातच सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आलं. एका सहाय्यकाच्या एका हालचालीवर 19 जीव गेले. म्हणून त्या सहाय्यकाचं प्रशिक्षण, त्याची झोप, त्याच्या डोक्याला असलेला घोर, हे किरकोळ विषय मानणाऱ्यांना आम्ही विरोध करतो.

आमचं मागणं मोठं नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे, हप्ता आलेला असो वा नसो. महागाई भत्त्यासोबत फेलो आणि प्रोजेक्टवरच्या सगळ्यांच्या रकमेत आपोआप वाढ. प्रोजेक्ट तीन वर्षांचा असेल तर करारही तीन वर्षांचा. होडीवर आणि रसायनांत काम करणाऱ्या प्रत्येकाला वैद्यकीय आणि अपघात विमा, तो संस्थेच्या खर्चाने. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मोजणीच्या कामाला कायम पदं. जे काम कधी संपणार नाही ते तात्पुरत्या माणसाकडून करून घेऊ नका. आणि अहवालात नमुने काढणाऱ्यांची नावं छापा.

निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांच्या जागा भरल्या जात नाहीत म्हणून दुप्पट काम ओढणारे कायम कर्मचारीही आहेत. तुमचं आमचं भांडण नाही. या कागदावर तुमचीही सही हवी.

गावकऱ्यांनी काय करायचं? जनसुनावणी झाली, कुणी साहेब जाडजूड अहवाल घेऊन आला, की उभं राहून तीन प्रश्न विचारा. हे नमुने कुणी काढले? त्या माणसांचा करार किती महिन्यांचा होता? काम चालू असताना त्यांना पगार दर महिन्याला मिळाला का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नगरसेवक, आमदार, खासदार मत मागायला येतील तेव्हाही हेच विचारा.

सह्यांचे कागद मनोरी जेट्टीवर सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना आणि संध्याकाळी परतीच्या गर्दीत आमच्या माणसांकडे मिळतील. वाचता येत नसेल तर वाचून दाखवू. सही करा, आणि हे पत्रक गोराई, मढ, वेसावे, उत्तनच्या नातेवाइकांपर्यंत पोचवा.

आपले,
मनोरी परिसरात राहणारे आणि प्रयोगशाळांत काम करणारे फेलो, प्रोजेक्ट असिस्टंट व तंत्रज्ञ