पोट उघडलंच होतं म्हणून?

'पोट उघडलंच होतं, म्हणून दुसरी नळीही बांधून टाकली. पुन्हा कशाला टेबलावर यायचं?' अस्थानी गर्भाच्या ऑपरेशननंतर बाईला हे उपकार केल्यासारखं सांगितलं जातं. कधी सांगितलंही जात नाही. मूल का राहत नाही म्हणून दोन-तीन वर्षांनी तपासायला गेल्यावर कळतं.

अस्थानी गर्भ म्हणजे पिशवीत न रुजता बहुधा नळीत रुजलेला गर्भ. सहा-आठ आठवड्यांतच नळी फुटू शकते, पोटात रक्तस्राव होतो, बाईच्या जिवावर बेततं. फुटलेली नळी काढावी लागते, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. प्रश्न आहे दुसऱ्या, धडधाकट नळीचा. ती त्या रात्री बांधली नाही म्हणून बाई दगावत नाही.

डॉक्टर म्हणतात, एकदाच भूल, एकदाच टाके, एकदाच खर्च. खोटं नाही. मुलं पुरेत असं बाईने शुद्धीवर असताना, समजून-उमजून सांगितलं असेल, तर तेव्हाच ऑपरेशन करून घेणं तिच्या सोयीचंच आहे. दुसरा मुद्दा, गर्भ पुन्हा नळीत राहण्याचा. एकदा असं झालेल्या साधारण दहाजणींत एकीला पुन्हा होऊ शकतं, हेही खरं. पण मग उरलेल्या नऊजणींचं काय? हा धोका पत्करायचा की नाही, हे जिचं पोट आहे तिला विचारा ना!

विचारलं जातं ते भलत्यालाच. बाई अर्धवट शुद्धीत, बाहेर नवरा आणि सासू. आतून कोणी तरी येऊन म्हणतं, 'दोन मुलं आहेत ना? मग करून टाकू?' नवरा सही करतो. नसबंदीबाबत केंद्र सरकारच्या २००६ सालच्या सूचना काय सांगतात? नवऱ्याची संमती लागत नाही. बाईची लागते, तीही गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली किंवा दबावाखाली घेतलेली चालत नाही. म्हणजे नको ती सही घेतली जाते आणि हवी ती राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी हेच बजावलं. दुर्बिणीने तपासणीसाठी म्हणून १९९५ साली भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी, अंडाशय आणि नळ्या काढून टाकल्या होत्या. बाहेर बसलेल्या आईची संमती तेवढी घेतली होती. न्यायालय म्हणालं, एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही. अपवाद फक्त जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी थांबणं शक्यच नसेल तेव्हाचा. सज्ञान बाई तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून तिच्या वतीने दुसऱ्या कोणी होकार द्यायचा नाही. भरपाई किती? २५ हजार रुपये! तरीही निकाल आपल्या कामाचा आहे.

नसबंदीची टार्गेटं केंद्राने १९९६ साली रद्द केली, पण बाईचं पोट हीच कुटुंबनियोजनाची जागा, ही सवय गेलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि पुरुष-नसबंदीवर विसंबलेल्या होत्या ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, त्याला पोट उघडावं लागत नाही. मग बाहेर सही करायला उभ्या असलेल्या नवऱ्यालाच का नाही विचारत, 'तुमचं करून टाकू?'

बांधलेली नळी पुन्हा जोडता येते म्हणतात. येते, पण दिवस राहतीलच याची हमी नाही. आणि इथे तर जोडायला एकच नळी उरलेली. नाही तर टेस्ट ट्यूब बेबी. त्याचा खर्च शेतमजूर बाईने कुठून आणायचा?

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गावच्या दवाखान्यात नसबंदीचं संमतिपत्र वेगळं असतं की ऑपरेशनच्याच कागदात एक ओळ घुसवलेली असते, ते बघा. ते मराठीत आहे का, बाईला वाचून दाखवतात का, हे विचारा. ऑपरेशन झालेल्या बाईला केसपेपरची प्रत मागायला लावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. नळी बांधली असेल तर त्यात लिहिलेलं असायला हवं. नसेल, किंवा लिहिलेलं असून बाईची सही नसेल, तर तो कागद घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत चौघीजणी मिळून जा.